आयुर्विम्याचा अर्ज आणि खरा हिशोब

दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी व्यापारी घरात नवी वही उघडते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते आणि जुन्या वर्षाची शिल्लक पुढे ओढली जाते. गोदामातील माल, येणे, देणे, उधारी, बँकेचे कर्ज, भाडे या सर्वांची नोंद त्या वहीत सापडते. ज्याच्या शब्दावर दुकान चालते त्या माणसाच्या आयुष्याचे खाते मात्र त्यात नसते. गोदामाचा आगीचा विमा असतो, मालट्रकचाही असतो, कारण त्याशिवाय बँक कर्ज देत नाही आणि गाडी रस्त्यावर धावू शकत नाही. कर्त्या पुरुषाच्या विम्याचा विषय निघाला की तो बहुधा ‘पुढच्या हंगामात पाहू’ या उत्तरावर मिटतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या व्यापाऱ्यांना हे उत्तर विशेष महागात पडू शकते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, तरी व्यापाराच्या दृष्टीने हा सारा मुलूख अजून एकमेकांत गुंतलेला आहे. मूल, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या पट्ट्यात धान आणि राईस मिल, आलापल्लीकडे सागवान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफूल, चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळसा आणि कागद. एक भाऊ चंद्रपूरच्या पेढीवर आणि दुसरा जंगलभागातील दुकानावर, अशी अनेक कुटुंबांची मांडणी असते. जंगलभागातला धंदा बहुतांशी उधारीवर आणि तोंडी शब्दावर चालतो. कोणाकडे किती रक्कम अडकली आहे, हे पुष्कळदा एकाच माणसाला पाठ असते. तो माणूस अचानक गेला की येणे विसरले जाते आणि देणे मात्र दारात येऊन उभे राहते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट बंद होते. सिरोंचाहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता तर कोरड्या दिवसांतही काही तासांचा आहे. रात्री छातीत कळ आली, तर वेळेवर उपचार मिळणे दैवाधीनच म्हणावे लागते.

आयुर्विम्याची गरज या देशाने उशिरा ओळखली असे नाही. परदेशी कंपन्या भारतीयांचा विमा उतरवताना त्यांच्याकडून जादा हप्ता घेत, अशा काळात, १८७० साली, मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ ही संस्था निघाली आणि तिने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देण्यास सुरुवात केली. १८७४ साली ‘ओरिएंटल’ ही कंपनी मुंबईतच उभी राहिली. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विमा व्यवसाय सरकारने वटहुकुमाद्वारे ताब्यात घेतला. २४५ लहानमोठ्या विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. आता महामंडळाबरोबर अनेक खाजगी कंपन्याही या क्षेत्रात आहेत. पण या व्यवहाराचे मूळ सूत्र दीडशे वर्षांत बदललेले नाही. पुष्कळ लोक एका सामाईक निधीत आपापला वाटा टाकतात आणि ज्याच्या घरावर अकाली आघात होतो त्या घराला त्या निधीतून मोठी रक्कम मिळते.

सामाईक निधी म्हटला की प्रत्येकाचा वाटा त्याच्या जोखमीच्या प्रमाणात असावा, हे ओघानेच आले. धान्याचा व्यापारी भाव ठरवण्यापूर्वी पोत्यात परखी घालून नमुना काढतो. विक्रेत्याला त्यात अपमान वाटत नाही, कारण ओल्या धानाला कोरड्याचा भाव मिळत नाही हे दोघांनाही ठाऊक असते. विम्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीचा हेतू नेमका हाच असतो. तरीही एरवी चोख व्यवहार करणारा माणूस या एका ठिकाणी वेगळा का वागतो, याचा विचार करण्यासारखा आहे.

अहेरीच्या बाजारपेठेतील एखादा व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. वय सत्तेचाळीस. किराणा आणि धान्याचे दुकान. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याच्या फळींवर लागणाऱ्या शिधासामानाचा पुरवठा. मोठा मुलगा नागपूरला शिकतो, धाकटी मुलगी शाळेत आहे. वडील बावन्नाव्या वर्षी ‘छातीत कळ येऊन’ गेले, एवढेच घरात सांगितले जाते. गृहस्थ धर्मनिष्ठ आहे. कंदमुळे वर्ज्य, सूर्यास्तानंतर जेवण नाही, पर्युषणात नियमाने उपवास. दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या एका डॉक्टरने साखर वाढल्याचे सांगून गोळी सुरू केली. गोळी चालू आहे, चिठ्ठी हरवली आहे. विडी नाही, दारू नाही. मात्र दुकानात बसल्या बसल्या पन्नीत घोटलेला खर्रा दिवसातून पाच वेळा तोंडात जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या या मिश्रणाला या भागात कोणी व्यसन म्हणत नाही. आलेल्या गिऱ्हाइकापुढे तो सुपारीसारखाच ठेवला जातो.

अशा घरी ओळखीचा विमा एजंट येतो. पन्नास लाखांच्या विम्याचा अर्ज टेबलावर पसरतो आणि आरोग्याच्या प्रश्नांशी येऊन थांबतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, क्षय आहे का? गेल्या काही वर्षांत कोणत्या डॉक्टरचा सल्ला घेतला आहे का? नियमित औषध चालू आहे का? तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन होते का? आईवडील हयात आहेत का; नसल्यास कोणत्या वयात आणि कशाने गेले?

“शेठजी, सगळीकडे ‘नाही’ लिहितो, तुम्ही सही तेवढी करा,” एजंट म्हणतो. “साखर लिहिली तर हप्ता वाढतो, फाइल लांबते. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद ठेवा, गोळी वेळेवर घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला की झालं.”

शेठजींनाही ते सोयीचे वाटते. चार दिवसांच्या पथ्यावर काम भागत असेल तर आयुष्यभर जादा हप्ता कोण भरणार? तेवढ्यात चहा घेऊन आलेली पत्नी विचारते, “अहो, हे पैसे आम्हाला मिळायचे आहेत ना? उद्या त्यांनी गोळ्यांचे कागद पुढे केले तर उत्तर मी द्यायचं की ह्यांनी?”

सारा विषय या प्रश्नात सामावला आहे. विम्याच्या अर्जातील उत्तरे लिहितो एक जण आणि त्यांचा जाब द्यावा लागतो दुसऱ्याला. तोही अशा वेळी, जेव्हा लिहिणारा खुलासा करायला उरलेला नसतो.

‘कंपनीच्याच डॉक्टरने तपासून पास केले, मग नंतर तक्रार कसली?’ असा एक समज सर्वत्र आढळतो. या समजाचे उत्तर एका जुन्या खटल्यात मिळते. मिठूलाल नायक विरुद्ध जीवन बीमा निगम हा तो खटला. तो ज्या काळात घडला तेव्हा चांदा जिल्हा आणि जबलपूर हे एकाच मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. एका गृहस्थाने १९४४ साली ओरिएंटल कंपनीकडे प्रस्ताव दिला. कंपनीच्या वतीने वैद्यकीय तपासणी झाली आणि १९४५ साली २५,००० रुपयांची पॉलिसी निघाली. त्या काळी ती रक्कम फार मोठी होती. १९४६ साली विमेदार वारला. कंपनीने चौकशी केली तेव्हा असे उघड झाले की, १९४३ साली जबलपूरच्या एका डॉक्टरने त्यास रक्तक्षय, पायांवरील सूज आणि श्रमाने लागणारी धाप अशा तक्रारींसाठी तपासून उपचार केले होते. अर्जात मात्र डॉक्टरचा सल्ला घेतल्याचे नाकारले होते. ‘कंपनीने स्वतः तपासणी केली होती, म्हणजे सत्य कळण्याचे साधन तिच्या हाती होते,’ असा युक्तिवाद पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो फेटाळला. ठाऊक असलेली आणि महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली असेल, तर तपासणीत पास झाल्याने ते खोटे खरे ठरत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. विम्याची रक्कम मिळाली नाहीच; भरलेले हप्तेही परत मिळाले नाहीत.

कायदा केवळ कंपनीच्या बाजूने आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. विमा कायदा १९३८ मधील कलम ४५ विमेदाराच्या संरक्षणासाठीच आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणास्तव तिच्यावर प्रश्नचिन्ह उभे करता येत नाही. ही तीन वर्षे पॉलिसी निघाल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून, यांतील जी तारीख शेवटची असेल तिच्यापासून मोजतात. म्हणून हप्ता चुकवून पॉलिसी बंद पाडणे आणि आरोग्याचे नवे निवेदन देऊन ती पुन्हा उठवणे, यात मोजणी पहिल्यापासून सुरू होते. ‘तीन वर्षे काढली की झाले’ असा हिशोब काही जण मांडतात. आयुष्याचे पुढचे तीन वर्षांचे तारण कोणाला मिळाले असते, तर त्याला विम्याची गरजच पडली नसती.

न्यायालये क्षुल्लक गोष्टींवरून दावा नाकारू देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सुलभा प्रकाश मोटेगावकर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ या प्रकरणात विमेदाराने मणक्याचा आजार अर्जात सांगितला नव्हता आणि त्याचा मृत्यू हृदयविकाराने झाला. मणक्याचे ते दुखणे जीवघेणे नव्हते आणि मृत्यूशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. निकाल न्याय्य होता. पण तो मिळेपर्यंत त्या कुटुंबाला देशाच्या शेवटच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. अर्जातील एक ओळ भरली असती, तर ती वेळ आली नसती.

जैन श्रावकाला हा विषय कायद्याच्या पुस्तकातून शिकावा लागू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ येते. कूटलेख म्हणजे खोटा लेख, खोटा दस्तऐवज. तोंडाने खोटे बोलणे वेगळे आणि खोटे लिहून त्यावर सही करणे वेगळे, हा भेद आचार्यांनी इतक्या प्राचीन काळी ओळखला. व्यापारी समाजाला तो चटकन समजतो, कारण त्याचे सारे जीवन लेखावर उभे आहे. वहीतील नोंद ही त्याची प्रतिष्ठा असते. विम्याचा अर्ज हाही लेखच आहे. त्यावर एजंटचे अक्षर असले तरी सही विमेदाराची असते, आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे सर्व उत्तरे खरी आहेत’ या निवेदनाखाली ती असते.

मग तपासणीची तयारी करूच नये काय? करावी, मात्र शरीराचे खरे चित्र कागदावर उमटावे यासाठी. ही तयारी कागदापासून सुरू होते. जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, शस्त्रक्रियेची किंवा रुग्णालयातील कागदपत्रे एका फाइलमध्ये लावावीत. चिठ्ठी हरवली असल्यास त्याच डॉक्टरकडे जाऊन पुन्हा तपासून घ्यावे आणि औषधाचे नाव, मात्रा व सुरुवातीची तारीख लिहून घ्यावी. आईवडील आणि सख्ख्या भावंडांचे आजार घरातील वडीलधाऱ्यांना विचारावेत. ‘छातीत कळ’ म्हणजे काय, हे त्या वेळी हजर असलेल्या काकांना विचारले तर पुष्कळ उलगडा होतो. आधी घेतलेल्या सर्व पॉलिसींची यादी, वयाचा दाखला आणि उत्पन्नाची विवरणपत्रेही सोबत असावीत.

दुसरी गोष्ट औषधांची. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी तपासणीपूर्वी स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे आणि वाढवणे त्याहून धोक्याचे. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर त्या सकाळची साखरेची गोळी केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरला विचारून ठेवावे. चार दिवसांच्या पथ्याने उपाशीपोटीची साखर थोडीफार उतरू शकते. पण एचबीएवनसी नावाची चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य तेवढे असते आणि त्या पेशींवर साखरेची नोंद साचत जाते. रोजमेळात एका दिवसाची रक्कम झाकता येईल, खतावणी मात्र सगळे बोलते. रक्ताचे काही विकार असतील तर हा आकडा फसवतो. विदर्भाच्या या भागात सिकलसेल आढळतो, आणि गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा म्हणून राज्यात ओळखला जातो. म्हणून दुकानातील मुनीम किंवा चालक यांचा विमा काढताना सिकलसेलची माहिती अवश्य विचारावी. नुकताच मलेरिया होऊन गेला असेल तर अंगात पूर्ण ताकद येईपर्यंत तपासणी लांबवावी आणि आजाराचा उल्लेख अर्जात करावा.

तंबाखूचेही तसेच. शरीर निकोटिनचे कोटिनिन नावाच्या द्रव्यात रूपांतर करते आणि ते लघवीत व रक्तात काही दिवस सापडते. खर्रा चघळला काय किंवा विडी ओढली काय, चाचणीला फरक पडत नाही. खर्रा घेणाऱ्याने ‘तंबाखू: होय’ असे लिहावे आणि त्याच दिवशी तो सोडण्याचा निश्चय करावा. २०१६ पासून गडचिरोली जिल्ह्यात दारू आणि तंबाखूचे प्रमाण कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’ अभियान चालू झाले. ज्या समाजात प्रत्याख्यानाची परंपरा इतकी दृढ आहे, त्या समाजातील माणसाला हा एक त्याग अशक्य नसावा.

उपाशीपोटी तपासणीसाठी साधारण आठ ते बारा तास काही खाऊ नये असे सांगतात. चौविहार पाळणाऱ्याला हे सांगावेच लागत नाही. मात्र चौविहारात पाणीही वर्ज्य असते आणि हिवाळ्यात सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत तेरा-चौदा तास होतात. रक्ततपासणीपूर्वी साधे पाणी चालते, इतकेच नव्हे तर ते प्यायलेले बरे. शिरा सहज सापडतात. म्हणून तपासणीची वेळ नवकारशीनंतरची मागावी, आधी उकाळलेले पाणी घ्यावे आणि मग रक्त द्यावे. न्याहारी त्यानंतर.

तपश्चर्येच्या दिवसांचा विचार तर अवश्य करावा. अठ्ठाईसारख्या दीर्घ उपवासात शरीर साठलेली चरबी वापरू लागते. वजन उतरते, लघवीत कीटोन दिसतात, रक्तातील युरिक आम्ल वाढू शकते. पारण्यानंतरच्या मिष्टान्नांनी साखर आणि ट्रायग्लिसराइड वर जातात. दोन्ही वेळचे आकडे त्या माणसाचे नेहमीचे आकडे नसतात. पर्युषणानंतर पंधरा-वीस दिवस जाऊ देऊन तपासणी ठरवावी. वर्षीतप चालू असेल तर बियासण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे उपवासाच्या दिवसाच्या आरंभी रक्त द्यावे आणि तपाची कल्पना डॉक्टरला द्यावी. सांगितले नाही तर डॉक्टर त्या आकड्यांत आजार शोधत बसतो.

मोठ्या रकमेच्या विम्यासाठी ईसीजी, क्वचित चालत्या पट्ट्यावरची हृदयाची चाचणीही लागते आणि त्यासाठी मोठ्या गावी जावे लागते. सिरोंचा किंवा एटापल्लीहून रात्रभर प्रवास करून सकाळी थेट तपासणीला बसले तर रक्तदाब हमखास चढलेला दिसतो. आदल्या संध्याकाळी पोहोचावे, नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत शांत झोप घ्यावी. तपासणीच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पाच मिनिटे पाठ टेकून, न बोलता बसावे. आदल्या दिवशी पोती उचलण्यासारखे श्रम टाळावेत. तेंदूच्या हंगामात किंवा धानाच्या खरेदीत, चार फोन एकदम वाजत असताना हे काम उरकू नये. स्त्रियांनी मासिक पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी देऊ नये, तारीख पुढे घ्यावी.

एवढे करून निकाल काय येतो? अहेरीच्या त्या व्यापाऱ्याने पत्नीचे ऐकून सर्व उत्तरे खरी लिहिली असे धरले, तर कंपनी जादा हप्ता मागण्याची शक्यता मोठी आहे. कधी ती विम्याची रक्कम कमी करते, कधी काही महिन्यांनी पुन्हा या असे सांगते, क्वचित नकारही देते. जादा हप्ता जिवाला लागतो हे खरे. पण खर्रा प्रत्येकी वीस रुपयांचा धरला तरी रोजचे पाच म्हणजे वर्षाला ३६,५०० रुपये होतात. तो खर्च वहीत कोणत्या खात्यावर पडतो, हे त्याने स्वतःलाच विचारावे. नकार आला तरी तो अहवाल वाया जात नाही. चातगावजवळच्या शोधग्रामात राहून गडचिरोलीच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉ. अभय बंग यांनाही चाळिशीच्या मध्यावर हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांनी तो अनुभव पुस्तकरूपाने मांडला. डॉक्टरलाही स्वतःचे हृदय आधी सांगून जात नाही. विम्याच्या निमित्ताने एखादा लपलेला आजार वेळेत सापडला, तर तो त्या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोठा नफा समजावा.

व्यापारी घराने अर्जाच्या वेळीच ठरवण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. विम्याचे पैसे पुढे कोणाच्या हाती पडणार? केवळ नामनिर्देशन केले तर रक्कम स्वीकारणारी व्यक्ती ठरते. धंद्यातील देणेकऱ्यांपासून त्या रकमेचे संरक्षण होईलच असे नाही. त्यासाठी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४, कलम ६ उपयोगी पडते. या कलमाखाली विवाहित पुरुषाने पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी काढलेली पॉलिसी त्यांच्यासाठीचा न्यास मानली जाते. ती पतीच्या किंवा त्याच्या धनकोंच्या ताब्यात जात नाही आणि पतीच्या इस्टेटीत मोजली जात नाही. महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागांत १ एप्रिल १९२३ नंतरच्या पॉलिसींना ही तरतूद लागू होते, आणि कलमात हिंदू, मुसलमान, शीख यांच्याबरोबर ‘जैन’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांनी लिहिलेला हा शब्द अनेक जैन घरांना अजून ठाऊक नाही. त्यासाठी अर्जासोबत वेगळे निवेदन द्यावे लागते, ते नंतर जोडता येत नाही. एकदा दिले की त्या पॉलिसीवर पतीला स्वतःसाठी कर्ज काढता येत नाही. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने पॉलिसी काढली असे सिद्ध झाले, तर पॉलिसीच्या रकमेतून आपले देणे वसूल करण्याचा धनकोंचा हक्क राहतो.

येथे एखाद्या सचोटीच्या माणसाला शंका येईल. वडिलांचे देणे फेडणे हा कुलधर्म असताना हे पैसे देणेकऱ्यांपासून दूर ठेवणे कितपत योग्य? कायदा पत्नीला देणे फेडण्यापासून अडवत नाही. आधी मुलांचे शिक्षण आणि घरची चूल यांची व्यवस्था लावून मग शांतपणे देणे फेडण्याची सवड तो तिला देतो. कार्य आटोपण्याआधीच दारात बसलेल्या लोकांसमोर, धंद्याची वही कधी न पाहिलेल्या स्त्रीने घाईने सह्या करणे, यात कोणाच्याच सचोटीचे रक्षण होत नाही.

पॉलिसी हाती आली की तिच्यासोबत आलेली अर्जाची प्रत शांतपणे वाचावी. एखादे उत्तर चुकीचे उतरले असेल तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्यावे. अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करण्यासाठी २०२४ पासून तीस दिवसांची मुदत आहे. त्यानंतर मूळ पॉलिसी, अर्जाची प्रत, हप्त्यांच्या पावत्या आणि वैद्यकीय अहवाल एका पिशवीत ठेवून ती पिशवी कोठे आहे, हे पत्नीला आणि जाणत्या मुलांना दाखवावे. दुकानाच्या तिजोरीपेक्षा घरचे कपाट बरे. त्याच बैठकीत कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाला किती देणे आहे, हेही त्यांच्यासमोर एकदा मोठ्याने वाचावे. पुढच्या चोपडापूजनाच्या दिवशी, नवी वही उघडण्यापूर्वी, या कामासाठी अर्धा तास सहज काढता येईल.